क्रीमी ग्रीक सॅलड ड्रेसिंग करताय? आधी या चुका टाळा

आधी एक गोष्ट क्लिअर करते म्हणजे कमेंटमध्ये भांडणं नकोत. ग्रीसमध्ये जे गावरान सॅलड खातात, होरियातिकी, त्याच्यावर असलं पांढरं क्रीमी काही घालतच नाहीत. टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटा चीजचा अख्खा तुकडा, त्यावर ऑलिव्ह ऑइल आणि ओरेगॅनो, झालं. लेट्यूससुद्धा नसतं त्यात. क्रीमी ड्रेसिंग अमेरिकेतल्या डायनर आणि पिझ्झावाल्यांकडे जास्त दिसतं, पण म्हणून ते वाईट नाही, मला तर जाम आवडतं. फक्त ते करताना लोक ज्या चुका करतात त्या बघून आता डोकं फिरायला लागलंय.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात कॉमन: दही न टांगता वापरणं. ग्रीक योगर्ट म्हणजे पाणी काढलेलं दही, म्हणजे आपला चक्का, एवढी सोपी गोष्ट आहे. आपल्याकडे श्रीखंडासाठी पिढ्यानपिढ्या पंचात दही बांधून नळाला टांगतात आणि त्याच घरातली मंडळी सॅलडच्या वेळी पाकिटातलं दही थेट बाऊलमध्ये ओततात, वर विचारतात की क्रीमी का नाही झालं. आमच्या बिल्डिंगच्या गेटटुगेदरला एकीने असंच केलं. दही, व्हिनेगर, तेल, सगळं घालून छान फेटलं, काकडी-टोमॅटोवर ओतलं आणि तासभर टेबलावर ठेवून दिलं. जेवायच्या वेळेपर्यंत खाली दोन बोटं पाणी. लोकांनी मात्र दोनदोनदा वाढून घेतलं, कोशिंबीर म्हणून. तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

तर, फुल फॅट दुधाचं अर्धा किलो दही घ्या, मलमलच्या फडक्यात बांधा आणि चार तास टांगा. श्रीखंडासारखं रात्रभर नको, इतकं कोरडं झालं की गुठळ्या होतात. उन्हाळ्यात बाहेर टांगू नका, आंबतं. चाळणीवर फडकं घालून खाली पातेलं ठेवून सरळ फ्रिजमध्ये ठेवा. साधारण वाटीभर चक्का निघतो. निघालेलं पाणी फेकू नका, ड्रेसिंग घट्ट वाटलं तर तेच चमचा चमचा घालायचं. दूध घालून पातळ करणारेही बघितलेत मी, आणि मग लिंबू पिळल्यावर फाटलं म्हणून रडणारेही. डेअरीतला तयार चक्का चालतो का? चालतो, पण तो बऱ्याचदा आंबट असतो, म्हणून लिंबू कमी करा आणि पुरणयंत्रातून एकदा काढून घ्या, एकदम मऊ होतो. आणि दुकानात ग्रीक योगर्टचा डबा उचललात तर लेबल वाचा हो, व्हॅनिला आणि ब्लूबेरी फ्लेवरसुद्धा त्याच रॅकवर असतात.

घट्टपणासाठी कॉर्नफ्लोअर घालायची आयडिया ज्याने काढली त्याच्याशी मला बोलायचंच नाहीये.

आता दुसरी चूक, जिच्यावर मी तासभर बोलू शकते: सगळं एकदम मिक्सरमध्ये टाकणं. माझी भाची बंगळुरूला असते. एका शनिवारी संध्याकाळी फोन, "मावशी, ड्रेसिंग कडू झालंय गं, लिंबाची बी वाटली गेली असेल का?" मी विचारलं तेल कुठलं घेतलंस, तर म्हणे एकदम भारीतलं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, पाहुणे येणार म्हणून मुद्दाम आणलं. आणि किती वेळ फिरवलंस? तर हाय स्पीडवर, चांगलं पांढरं होईपर्यंत. मग काय होणार! एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात पॉलिफेनॉल नावाची नैसर्गिक द्रव्यं असतात, ती मुळातच कडवट असतात. एरवी ती तेलात दडलेली असतात, पण मिक्सरच्या पात्याने तेलाचे अगदी बारीक थेंब झाले की तो कडूपणा उघडा पडतो. तेल जितकं चांगलं तितकं जास्त कडू, हा त्यातला अन्याय. घरी मेयोनीज करताना ज्यांना हा अनुभव आलाय त्यांना कळेल.

बरं, फोन ठेवून तिने थांबावं ना. नाही. मध घातला, मग अजून मध, मग मोहरीची पेस्ट, मग मोहरी जास्त झाली म्हणून उरलेलं दही, तेही न टांगलेलं. पाहुणे दारात आणि हिच्याकडे पातेलंभर गोड-कडू-तिखट पांढरं पाणी. शेवटी लोकांनी सॅलडवर मीठ-लिंबू घालून खाल्लं.

कडू झालेलं ड्रेसिंग गोड करून सुधारत नाही. त्यातलं दोन चमचे घेऊन नव्या चक्क्यात मिसळलं तर खपून जातं, बाकीचं सोडून द्यायचं. त्यापेक्षा मी काय करते ते सांगते: चक्का, 50-60 ग्रॅम फेटा, लसूण, 1 टेबलस्पून व्हिनेगर, अर्ध्या लिंबाचा रस हे हवं तर मिक्सरला फिरवा, फेटाचे कण राहिलेले मला तरी आवडतात म्हणून मी काट्यानेच कुस्करते. मग बाऊलमध्ये काढून 3 टेबलस्पून तेल हाताने, बारीक धारेने, व्हिस्कने फेटत घाला. दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटं हात हलवायचा कंटाळा असेल तर सरळ बाटली विकत आणा, चिडत नाही मी.

लसूण. कच्ची लसूण किसून थेट दह्यात घातली की दुसऱ्या दिवशी अख्खा फ्रिज वास मारतो. एकच छोटी पाकळी किसा आणि आधी दहा मिनिटं त्याच व्हिनेगरमध्ये ठेवा, उग्रपणा बराच बसतो. बरणीतली आलं-लसूण पेस्ट घालणाऱ्यांनी हा लेख इथेच बंद करावा.

व्हिनेगर रेड वाइनचं मिळालं तर उत्तम, नाहीतर अ‍ॅपल सायडर. चायनीजच्या गाडीवरचं ते सिंथेटिक पांढरं नको, नुसतं झोंबतं.

ओरेगॅनो म्हणून पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठवून वापरता ना? मागे छापलेलं वाचा, बहुतेकांत मीठ, मिरची आणि काय काय असतं. साधा सुका ओरेगॅनो आणा, एक टीस्पून, कसुरी मेथी चुरडतो तसा तळहातावर चुरडून घाला आणि अर्धा तास ड्रेसिंग तसंच राहू द्या. केल्या केल्या चाखून "चव नाही" म्हणत अजून दोन चमचे ओरेगॅनो ओतणारे अधीर लोक नंतर कडवट लागतं म्हणतात. अर्धा तास, बास.

मीठ सगळ्यात शेवटी, फेटा खाऱ्या पाण्यातच मुरलेलं असतं. खारट झालंच तर चक्का वाढवा. फेटाऐवजी पनीर? चालतं असं सगळे म्हणतात, मला नाही चालत. खरं फेटा मेंढीच्या दुधाचं, फार तर 30 टक्के बकरीचं, आणि युरोपियन युनियनने 2002 मध्ये ते नाव ग्रीसपुरतं राखून ठेवलं, आता तिथे ग्रीसबाहेरच्या चीजला ते लावताच येत नाही. आपल्याकडे गाई-म्हशीच्या दुधाचं मिळतं तेही पनीरपेक्षा पुष्कळ बरं, कारण पनीरला ना खारटपणा ना आंबटपणा.

शेपू घालायचा असेल तर चिमूटभर, आपला शेपू उग्र असतो, आणि घरात शेपूद्वेष्टे असतील तर नकोच.

काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, सुटलेलं पाणी काढा, आणि ड्रेसिंग ताटात वाढायच्या वेळीच घाला. काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये चारेक दिवस राहतं. थंडीने तेल गोठून दाणे दिसले तर ते खराब झालेलं नसतं, पंधरा मिनिटं बाहेर ठेवून ढवळा. पण आंबूस वास आला तर टाकून द्या, फेटा महागाचं होतं म्हणून आठव्या दिवशी चाखून बघत बसू नका.