बदलीच्या गावी घर घेताय? विसार देण्याआधी घर नीट तपासून घ्या

नोकरीमुळे जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे बदली झाली की पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घर घ्यायची घाई सुरू होते, मुलांची शाळा जूनला असते, भाड्याचं घर मनासारखं मिळत नाही आणि एजंट रोज फोन करून सांगतो की साहेब, दुसरं गिऱ्हाईक उद्याच विसार देतंय. जमत असेल तर आधी अकरा महिन्यांचा करार करून भाड्याने राहा, इथला एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघून घ्या. आणि लगेच घ्यायचंच असेल तर घर तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

बँकेचा व्हॅल्युअर बघून गेला म्हणजे घर तपासलं गेलं असं मात्र समजू नका, आम्ही तेच समजलो होतो. तो येतो ते कर्जाएवढी घराची किंमत आहे का हे बघायला, मापं घेतो, फोटो काढतो, निघून जातो. आम्ही घेतलेल्या घरात मागच्या बेडरूमच्या भिंतीतली भेग सामान लावताना दिसली, बरोबर मालकाचं कपाट होतं त्या जागी, आणि सगळ्या घरात तेवढीच एक खोली नवीन रंगवलेली होती. एकच खोली ताजी रंगवलेली दिसली की का रंगवली ते विचाराच.

खान्देशात खरा प्रश्न जमिनीचा आहे. तापीकाठची काळी माती कापसाला आणि केळीला सोनं, पण घराला त्रासाची. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती पायाखाली असेल तर पायाही दरवर्षी थोडा वर-खाली होतो. म्हणून मालकाला, जमलं तर बांधणाऱ्या मिस्त्रीलाच विचारा, पाया मुरमापर्यंत नेलाय का, नाहीतर काळ्या मातीसाठी खाली फुगवटा ठेवून करतात ते अंडर-रीम्ड पाइल घातलेत का. घराच्या चारी बाजूंनी फरशीची किंवा काँक्रीटची पट्टी आहे का, पावसाचं पाणी भिंतीलगत मुरतं की लांब जातं, आणि भिंतीला चिकटून मोठं झाड किंवा रोज पाणी दिली जाणारी बाग आहे का, हेही बघा.

प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या रेषा सगळीकडेच असतात, बीम आणि विटांच्या जोडावरची आडवी रेघ पण बऱ्याचदा साधीच निघते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग असेल तर थांबा. कॉलमवर उभी तांबूस रेघ असेल आणि गिलावा सुटून फुगलेला असेल तर आतलं लोखंड गंजलंय, ते त्याहून वाईट. आम्ही नंतर ज्या इंजिनिअरला बोलावलं त्याने भेगेवर काचेची छोटी पट्टी प्लास्टरने चिकटवली, बाजूला पेन्सिलीने तारीख टाकली आणि म्हणाला, "साहेब, काच फुटली तर भेग अजून चालू आहे आन् नाही फुटली तर निवांत बुजवून घ्या." भेग मेलेली आहे का जिवंत, हे असंच कळतं. त्यासाठी निदान काही आठवडे तरी लागतात, पण घर आयुष्यभराचं आहे.

इंजिनिअर मात्र तुमचा पाहिजे, एजंटने किंवा मालकाने दिलेला नको. महापालिकेचं लायसन असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधा, ऑफिसमधल्या जुन्या माणसांना विचारलं की एखादं नाव मिळतंच, फी आधी ठरवा आणि रिपोर्ट लेखी घ्या. तुम्ही लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर भागवू नका, कॅमेऱ्यात ओल दिसत नाही. एक शनिवार-रविवार काढून स्वतः या.

आणि या ते दुपारी या. इथे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, पश्चिमेच्या भिंतीला चार वाजता हात लावून बघा, सगळ्यात वरचा मजला असेल तर स्लॅबखाली दहा मिनिटं पंखा बंद करून बसा. कूलर कुठल्या खिडकीत बसेल, हवा बाहेर कुठून जाईल बघा, आणि जुन्या कूलरच्या खिडकीखाली भिंतीला ओल धरलीय का, पोपडे आलेत का तेही बघा. पहिल्या मोठ्या पावसानंतर परत एक चक्कर मारली तर गच्ची आणि छताचे कोपरे आपोआप बोलतात.

पाण्याचं मालकाला नाही, शेजारच्या मावशींना विचारा, नळाला किती दिवसांनी येतं, मेमध्ये बोअर चालते का, टँकर मागवावा लागतो का. नळाच्या तोंडावर पांढरा क्षार जमलेला दिसला की बोअरचं पाणी जड आहे, गिझर लवकर जाणार. बाथरूमची जाळी बंद करून दोन-तीन इंच पाणी एक दिवस भरून ठेवायला सांगा आणि खालच्या छताला हात लावून बघा. फरशीवर नाण्याने टकटक केलं की पोकळ टाइल लगेच ऐकू येते. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच तपासा, स्वतः वायरला हात लावू नका.

कागदांना वकील लागतोच. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए म्हणजे बिनशेतीचा कागद, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे राहायला मिळालेली परवानगी, इंडेक्स २ म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा उतारा, मालकी तपासायला तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च, घरपट्टीची पावती. नवीन फ्लॅट असेल तर महारेराच्या म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी नंबर टाकून बघा, रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. जुन्या मालकाकडून घेताना असलं काही संरक्षण नसतं, म्हणून तिथे तपासणी जास्त कडक करा.

तपासणी पूर्ण व्हायच्या आधी विसार द्यावाच लागला तर सौदापावतीत लिहून घ्या की तपासणीत बांधकामाचा मोठा दोष निघाला तर रक्कम पूर्ण परत. नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका, समोरचा माणूस चांगला असला तरी. मालक लिहून द्यायला तयार नसेल तर मी तिथून उठेन. खरेदीखताच्या आदल्या दिवशी रिकाम्या घरात परत एकदा जा, कपाटं, पलंग निघालेले असतात, भिंती मोकळ्या असतात, बॅटरी घेऊन कोपरे बघा आणि लाइटच्या मीटरचं रीडिंग मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.