प्रायोगिक सुविधेचा पर्याय वापरकर्त्याला द्यावा का? या चुका टाळा

नव्या सुविधेबद्दल टीममध्ये एकमत होत नसले, की "सेटिंग्जमध्ये एक पर्याय देऊन टाका, ज्याला हवे तो चालू करील" ही तडजोड हमखास पुढे येते. पहिली चूक येथेच होते, कारण सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना न सुटलेला प्रश्न अशा वापरकर्त्याच्या गळ्यात पडतो, ज्याच्याकडे तो सोडवण्याइतकी माहितीच नसते. अक्षरांचा आकार किंवा भाषा ही आवडीची बाब आहे, तेथे पर्याय जरूर द्यावा. पण कॅशे (पुन्हा लागणाऱ्या डेटाची तात्पुरती साठवण) कोणत्या पद्धतीने साठवावी हे विचारणे म्हणजे रिक्षावाल्याने प्रवाशाला गिअर विचारण्यासारखे आहे. फायरफॉक्स ब्राउझरने 2013 मध्ये, 23 व्या आवृत्तीत, जावास्क्रिप्ट (वेबपानांतील प्रोग्राम चालवणारी भाषा) बंद करण्याचा पर्याय नेहमीच्या सेटिंग्जमधून काढला, मात्र जाणकारांसाठी तो 'अबाउट:कॉन्फिग' या प्रगत सेटिंग्जच्या पानावर राहू दिला. पर्याय असावा की नसावा याइतकेच तो कोणाच्या हाताशी असावा, हेही ठरवावे लागते.

'प्रायोगिक' असे लेबल लावले की आपली जबाबदारी संपली, हा दुसरा गैरसमज आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, 'कॉन्फिग_एक्सपेरिमेंटल' नावाचा एक पर्याय होता. त्याच्या आड इतक्या उपयोगी गोष्टी साचल्या, की बहुतेक वितरणे (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) तो सरसकट चालूच ठेवू लागली, आणि इशारा म्हणून त्याला काही अर्थ उरला नाही. अखेर 2012-13 च्या सुमारास तो काढून टाकण्यात आला.

सर्वांत महाग पडते ती मुदत न ठरवण्याची चूक. स्वतंत्रपणे चालू-बंद होणारे 10 पर्याय असतील, तर 1024 जुळण्या संभवतात आणि त्या सगळ्या कोणीही तपासत नाही. (मग "माझ्या मशीनवर तर चालते" हे उत्तर ऐकावे लागते.) क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियममध्ये प्रत्येक फ्लॅगसोबत (प्रायोगिक सुविधेच्या चालू-बंद पर्यायासोबत) त्याची जबाबदारी कोणाकडे आहे आणि तो कोणत्या आवृत्तीपर्यंत राहील, याची नोंद ठेवतात. ही पद्धत लहान प्रकल्पानेही उचलावी: मुदत आली की सुविधा सर्वांना द्यावी, नाहीतर कोडसह काढावी, मुदत वाढवायची असल्यास कारण लिहावे.

पर्याय बंद केल्यावर सारे पूर्ववत होते, असेही गृहीत धरू नये. झेडएफएस या फाइल साठवण्याच्या प्रणालीत काही सुविधा एकदा वापरात आल्या की त्या पूलवर (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या साठ्यावर) झेडएफएसची जुनी आवृत्ती लिहू शकत नाही. डेटाची मांडणी बदलणारी सुविधा साध्या चालू-बंद बटणामागे ठेवायचीच असेल, तर परतीची वाट नाही हे बटण दाबण्यापूर्वी सांगावे.

तक्रार आली, तर आधी बदललेल्या सेटिंग्जची यादी मागावी. फायरफॉक्समध्ये महत्त्वाच्या बदलांची यादी 'अबाउट:सपोर्ट' पानावर मिळते. मग सर्व प्रायोगिक पर्याय मूळ स्थितीत आणून बिघाड राहतो का ते पाहावे. तो गेला, तर निम्मे पर्याय पुन्हा चालू करावेत आणि दोषी निम्मा भाग याच रीतीने विभागत जावे. एकाही भागात बिघाड दिसला नाही, तर दोन पर्याय एकत्र आल्यावरच तो होत असण्याची शक्यता तपासावी.