आयसी बदला, पण आधी स्पीकरच्या तारा काढा

प्रीअँपमध्ये, म्हणजे पॉवर अँपच्या आधी सिग्नल सांभाळणाऱ्या भागात, पहिल्यांदा हात घातला तेव्हा माझं सोल्डरिंग चांगलं झालं होतं. आयसी (चिप) उलटी बसली नव्हती, धूर निघाला नव्हता, गाणंही वाजत होतं. दहा-बारा मिनिटांनी स्पीकरची जाळी काढली आणि पाहिलं, तर वूफरचा कोन आत ओढला जाऊन तसाच अडकून राहिलेला. तो कोन आठवला की अजून पोटात गोळा येतो.

मूळ बोर्डावर टीएल०७२ ही सिग्नल वाढवणारी आयसी होती. तिच्या जागी एनई५५३२ टाक, मागची सरसर, म्हणजे नॉइज, कमी होईल, असा सल्ला मिळाला. तो चुकीचा नव्हता, ५५३२ चा स्वतःचा नॉइज खरोखरच बराच कमी आहे. त्यासोबत दुसरा सल्ला मिळाला: आउटपुटचा कपॅसिटर काढ आणि तिथे तार जोड, आवाज मोकळा होतो. मी दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी केल्या. तिथेच फसलो.

हे जरा सावकाश वाचा. टीएल०७२ च्या इनपुटला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे बायस करंट, म्हणजे इनपुटला स्वतःसाठी लागणारा करंट, पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे धरलाच नाही तरी चालेल इतका. ५५३२ चं इनपुट बायपोलर जातीच्या ट्रान्झिस्टरचं आहे. डेटाशीटमध्ये तिचा बायस करंट साधारण २०० नॅनोअँपिअर दिलाय, आणि तो ८०० पर्यंत जाऊ शकतो. माझ्या बोर्डावर प्लस इनपुटपासून ग्राउंडला २२० किलोओहमचा रेझिस्टर होता. गुणाकार करा: ४४ मिलिव्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज. स्टेजचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, पाच, म्हणून आउटपुटला २२० मिलिव्होल्ट. जो कपॅसिटर हे डीसी अडवणार होता, तो मीच काढून टाकलेला. पुढच्या पॉवर अँपच्या इनपुटलाही कपॅसिटर नव्हता आणि त्याचा गेन वीस. स्पीकरवर चार व्होल्टपेक्षा जास्त डीसी बसलं. कॉइल सतत तापत राहिली आणि कानाला काही कळलं नाही, कारण डीसी ऐकू येत नाही.

घाबरून काम सोडू नका. हे पकडायला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर आणि पॉवर अँप दोन्ही सोडवा. प्रीअँप चालू करा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, काळा प्रोब आउटपुट सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला, लाल मधल्या पिनला. दोन्ही चॅनल बघा, आणि आवाजाचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बघा. नॉबबरोबर आकडा हलत असेल तर बायस करंट पॉटमधून, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरमधून, जातोय. त्याच कारणाने नॉब फिरवताना खरखर येते, आणि माणसं बिचारा चांगला पॉट बदलत बसतात.

उपाय तीन आहेत. आउटपुटचा कपॅसिटर परत लावा. किंवा ओपीए२१३४ सारखी फेट इनपुटची आयसी घ्या. किंवा तो रेझिस्टर २२ किलोओहमचा करा. पण मग त्याच्या आधीचा कपॅसिटरही दहापट मोठा हवा. ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर १ चा, नाहीतर खालचा बास जाईल.

आणखी वेगवान आयसी टाकणार असाल तर ४ आणि ८ नंबरच्या पिनांमध्ये, अगदी आयसीला लागून, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या. नाहीतर ती मेगाहर्ट्झमध्ये ऑसिलेट होते, म्हणजे ऐकू न येणारा सिग्नल स्वतःच तयार करत बसते. बोट लावून बघा, नुसती चालू असतानाही चटका बसण्याइतकी गरम झाली तर समजा.

माझं ठाम मत आहे: सर्किट डायग्राम न मागता आयसीचं नाव सांगणाऱ्याचं ऐकू नका. तो माणूस प्रामाणिक असेल, पण त्याच्या बोर्डावरचा रेझिस्टर तुमच्या बोर्डावर नाही. आणि एका वेळी एकच बदल, तोही शक्य तर एकाच चॅनलवर. मग मोनो सिग्नल लावून डावं-उजवं ताडून बघा, दोन्हींचा आवाज मीटरने सारखा करून. थोडं मोठं वाजणारं कानाला नेहमीच सरस वाटतं.

माझा वूफर वाचला. ५५३२ अजून तिथेच आहे, आउटपुटचा कपॅसिटरही परत जागेवर बसलाय. मीटर दोन्ही बाजूंना एक मिलिव्होल्टच्या आत दाखवतो.