दवाखान्यात एआय: वेळ वाचवायचा तो लिहिण्यातला

एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात, मग तो गोव्यातल्या फोंड्यात असो की डिचोलीत, पेशंट तपासण्याचा वेळ कोणाला जड जात नाही. जीव खातात ते कागद: केसपेपर, गोमेकॉची (पेशंटला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये पाठवण्याची) चिठ्ठी, विम्याचे फॉर्म, आणि ‘डॉक्टर कितीला बसतात’ विचारणारे फोन. एआयला हेच काम द्यावे. निदान आणि डोस ठरवण्यासाठी त्याला विचारू नये. तिथे ते चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते आणि पडताळणीत वाचलेला वेळ निघून जातो. सगळे एकदम सुरू करू नका. आधी केसपेपर, तो हातात बसला की चिठ्ठ्या, शेवटी व्हॉट्सअॅप.

केसपेपर बोलून लिहिणे

पेशंटबरोबरचे सगळे बोलणे रेकॉर्ड करावे आणि त्यातून नोंद काढून घ्यावी, असे सुरुवातीला वाटते. गोव्यात ते नीट जमत नाही. आजी कोंकणीत सांगते, मुलगा मराठीत भर घालतो, डॉक्टर औषधांची नावे इंग्रजीत घेतात. व्हिस्परसारख्या बोलणे टिपणाऱ्या मॉडेलमध्ये मराठी आहे, कोंकणी नाही. आजीचा ‘जोर’ म्हणजे ताप, हे त्याला समजत नाही. शिवाय मध्ये कोणी बोलत नसेल तर ही मॉडेल कधी कधी न उच्चारलेले वाक्यही घुसडतात.

म्हणून तपासणी संपल्यावर तुम्ही स्वतः ४० ते ६० सेकंदांत सारांश बोला, एकाच भाषेत. शक्यतो पेशंट समोर असतानाच बोला, म्हणजे ‘तीन नाही, पाच दिवस झाले’ अशी दुरुस्ती तिथल्या तिथे होते. नाजूक निदान असेल तर तो बाहेर गेल्यावर. फोन तोंडापासून १५–२० सेंटिमीटरवर ठेवा, थेट पंख्याखाली नको. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर कॉलरला लावायचा माइक घ्याच.

क्रम रोज तोच ठेवा: ओपीडी क्रमांक, तक्रार, किती दिवस, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण, तपासणी, निदान, औषधे, पुढची भेट. नाव बोलायचे नाही. मग हा मजकूर एआयला देताना सूचना अशी लिहा:

‘या मजकुरातून वरील क्रमाने आठ ओळी कर. मी न बोललेले काहीही घालू नकोस. जे सांगितले नाही तिथे “नोंद नाही” लिही. आकडे, एकके आणि “नाही” हा शब्द जसाच्या तसा ठेव.’

दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल तर मॉडेल नमुन्याप्रमाणे ‘छाती स्वच्छ, पोट मऊ’ असे भरून टाकते, तुम्ही स्टेथोस्कोप लावला नसला तरी. उद्या ही नोंद कोर्टात गेली तर न केलेल्या तपासणीखाली सही तुमची असेल.

सही करण्यापूर्वी चार गोष्टींवर बोट ठेवून वाचा. पहिली, आकडे. दीड, सव्वा, अडीच बोलू नका; अॅम्लोडिपिन ‘दोन पॉइंट पाच’ असेच म्हणा, नाहीतर दशांश चिन्ह गळून २५ होऊ शकते. दुसरी, एकके: थायरॉक्सिनला ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण उच्चारा. तिसरी, सारखी वाजणारी नावे: हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन. चौथी, नकार. ‘धाप नाही’ मधला ‘नाही’ गळला की सगळी केस उलटते.

बीपीची तीच गोळी पुढे चालू ठेवायची असेल तर हे काही करू नका, हाताने दोन ओळी लिहिणे जलद होते.

गोमेकॉची चिठ्ठी

इथे खरा वेळ वाचतो, कारण मजकूर आधीच केसपेपरवर असतो. मागच्या तीन भेटींच्या नोंदी क्रमांकासह द्या आणि अर्ध्या पानात चिठ्ठी मागा: पाठवण्याचे कारण पहिल्या ओळीत, मग घटनाक्रम तारखांसह, दिलेली औषधे, अॅलर्जी, आणि बांबोळीत, म्हणजे गोमेकॉत, नेमके काय हवे आहे ते.

मात्र मजकूर छोटा करताना एआय व्यवसाय आणि गाव हमखास कापते, त्याला ते किरकोळ वाटते. आपल्याकडे ते किरकोळ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सत्तरी तालुक्यातून ताप घेऊन आलेला माणूस काजूच्या बागेत कामाला होता, ही एक ओळ माकडतापाकडे (जंगलातल्या गोचिडीमुळे होणारा ताप) बोट दाखवते. पावसाळ्यात अनवाणी शेतात उतरलेला असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) विचार करावा लागतो. म्हणून वरच्या आठ ओळींत व्यवसाय वेगळा ठेवला आहे. चिठ्ठीच्या सूचनेतही ‘व्यवसाय आणि गाव काढू नकोस’ असे लिहा.

पेशंटला द्यायच्या सूचना

प्रत्येकासाठी नवे पत्रक बनवू नका. दवाखान्यात नेहमी लागणारे आठ-दहा विषय निवडा, एकदाच मसुदा काढा, तपासा, छापून ठेवा. डेंग्यूच्या पत्रकात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: तापाला पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन नको; ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास जास्त जपायचे; पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली तर लगेच यायचे. दुसरी गोष्ट मसुद्यात पुष्कळदा नसते, आणि नेमके तेव्हाच घरचे लोक निर्धास्त होतात.

गुगल ट्रान्सलेटमध्ये २०२२पासून कोंकणी आहे. पहिल्या मसुद्यापुरते ठीक, पण ती कोंकणी बोलणाऱ्या माणसाने मोठ्याने वाचल्याशिवाय छापू नका. दक्षिण गोव्यात सासष्टीकडच्या दवाखान्यात रोमी (रोमन) लिपीतली प्रतही लागते.

व्हॉट्सअॅप

वेळा, सुट्टी, पत्ता, ‘रिपोर्ट आला’ एवढ्यासाठी व्हॉट्सअॅप बिझनेसमधली क्विक रिप्लाय (आधी लिहून ठेवलेली उत्तरे) पुरतात, एआय लागतही नाही. लक्षणांना उत्तर देणारा बॉट लावू नका. २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय डॉक्टरला मदत करू शकते, पण पेशंटला सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही. छातीत दुखणे, धाप, बेशुद्धी, रक्तस्राव असे काही संदेशात दिसले की ‘१०८ला फोन करा’ हे ठरलेले उत्तर जावे आणि रिसेप्शनवरच्या व्यक्तीने डॉक्टरला लगेच सांगावे.

पेशंटची माहिती

नाव, फोन, आभा (सरकारी आरोग्य खात्याचा) क्रमांक, चेहरा: यातले काहीही सार्वजनिक एआयमध्ये जाता कामा नये. चूक होते ती लॅब रिपोर्टच्या फोटोत, कारण नाव, वय आणि बारकोड वरच्या पट्टीतच असतात. त्यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. आडगावचा एकमेव पेशंट असेल तर एआयला देताना गावाऐवजी तालुका लिहा. सेटिंगमध्ये संभाषण प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करा, पण ती बंद केली म्हणजे मजकूर त्यांच्याकडे साठतच नाही असे नव्हे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला वजन आहे. तेव्हा ‘नोंदी लिहिण्यासाठी संगणकीय मदत घेतो, नको असल्यास सांगा’ अशी पाटी मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत दाराशी लावा, आणि कोणी नको म्हटले तर त्याचा कागद हातानेच लिहा.

दोन आठवड्यांनी घड्याळ लावून पाहा: बोलणे अधिक दुरुस्ती मिळून हाताने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जात असेल तर त्या कामापुरते एआय सोडा. जून ते सप्टेंबर वीज आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा त्याच आठ ओळींचा छापील पॅड टेबलावर असू द्या.