घरी शिकणाऱ्या मुलांच्या ऑलिम्पियाड आणि स्पर्धा : या चुका टाळा

लातुरात ‘मुलगी शाळेत जात नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग क्लास कोणता लावलाय? आमची लेक पाचवीपासून घरीच शिकते. तिची पहिली स्पर्धा हुकली ती फॉर्ममुळे. ‘शाळेचे नाव’ या रकान्यात मी ओळखीच्या एका क्लासचं नाव टाकलं आणि हॉल तिकीट आलंच नाही. त्या दिवशी तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. त्या रकान्यात खोटं काही भरू नका. घरी शिकणाऱ्या मुलाने तिथे काय लिहायचं, हे आयोजकांना आधी मेलवर विचारा आणि उत्तराची प्रिंट काढून ठेवा.

सगळ्या परीक्षा सारख्या समजू नका. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएस (आठवीतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) यांचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात. वर्षभर तयारी करून घेतल्यावर हे कळणं लेकराला फार लागतं. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिम्पियाड वेगळ्या. नाव एक म्हणून आपले पालक हमखास फसतात. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा. अलीकडे ती सप्टेंबरच्या सुरुवातीला होते, म्हणजे नोंदणी त्याआधीच संपते. पोळ्यापर्यंत थांबलात तर वर्ष गेलं.

आता खरी अडचण. घरी शिकणारं मूल विचार खोल करतं, पण तीन तास अनोळखी मुलांमध्ये एका बाकावर बसायची त्याला सवय नसते. आयओक्यूएममध्ये तीन तासांत ३० प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधली संख्या. उत्तर ७ आलं तर ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, ०७ रंगवायचं. माझ्या लेकीने सरावात पहिल्यांदा नुसता ७ रंगवला होता, बरोबर सोडवूनही! रिकाम्या ओएमआर शीटच्या झेरॉक्स काढा आणि बॉलपेननेच सराव करून घ्या. आपल्याकडे गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. महिनाभर दर रविवारी मुलाला तिथे तीन तास बसवा, पाण्याची बाटली आणि घड्याळ एवढंच सोबत देऊन.

आधार कार्ड आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय का, तेही आधीच बघा.

पदकाने दहावी-बारावीचं काम भागेल, असं धरून चालू नका. मुंबईच्या मालविका जोशीने सातवीनंतर शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बारावीची अट असल्यामुळे आयआयटीत मात्र तिला जाता आलं नसतं. म्हणून मूल चौदा वर्षांचं होत आलं की एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) घ्यायचं की १७ नंबरचा फॉर्म (राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसण्याचा अर्ज) भरायचा, हे घरात ठरवा. १७ नंबरसाठी लातूर, नांदेड, धाराशिवकरांना लातूर विभागीय मंडळ, बाकी मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर.