कोर्टात टिकेल अशी ॲट्रॉसिटीची फिर्याद कशी द्यावी

‘ॲट्रॉसिटी लागली की आरोपी आत गेलाच,’ असे पारावर बसून सांगणारे पुष्कळ. त्यांचे ऐकून माणूस ठाण्यात दोन ओळींची फिर्याद देऊन येतो आणि पंधरा दिवसांत आरोपी अटकपूर्व जामीन घेऊन गावात फिरताना दिसतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) कलम १८ ने अटकपूर्व जामिनाला बंदी आहे हे खरे, पण फिर्याद वाचून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ती बंदी आड येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पृथ्वीराज चौहान प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणून सगळा भार पहिल्या कागदावर असतो.

आधी कायदा लागतो का ते पाहा. पीडित अनुसूचित जाती किंवा जमातीचा हवा आणि आरोपी या दोन्हींच्या बाहेरचा. महार, मातंग, चांभार, ढोर, फासेपारधी यांना संरक्षण आहे. बंजारा समाजाची गोष्ट वेगळी: तेलंगणात तो अनुसूचित जमातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे किनवटच्या तांड्यावरच्या, महाराष्ट्रातल्या बंजारा माणसाला हा कायदा लावता येत नाही. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तरी फिर्यादीत नुसते ‘बौद्ध’ लिहू नका, दाखल्यावर असेल तशी मूळ जातही लिहा. धर्मावरून हल्ला झाला असेल तर रस्ता भारतीय न्याय संहितेचा: तेढ पसरवण्यासाठी कलम १९६, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा किंवा वैयक्तिक श्रद्धेवरून जीव घेतला तर १०३(२). १९६ मध्ये सरकारची मंजुरी लागते ती कोर्टाने दखल घेताना, गुन्हा नोंदवताना नाही.

मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून जखमांची नोंद) करून घ्या. मग ठाणे.

ठाण्यात तीन वाक्ये ऐकायला मिळतील. ‘एनसी घेतो’ (अदखलपात्र नोंद) म्हटले तर नको म्हणा, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दखलपात्र आहे. ‘चौकशी करून नोंदवू’ म्हटले तर २०१८ मध्ये घातलेले कलम १८-ए दाखवा: गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ‘जातीचा दाखला आणा’ म्हटले तर तो तपासात जोडता येतो, नोंदणी त्यासाठी अडवता येत नाही.

आता फिर्याद. बहुतेक प्रकरणे इथेच मरतात, आणि मारणारे वाक्य एकच असते: ‘आरोपीने जातिवाचक शिवीगाळ केली.’ हे वाक्य लिहूच देऊ नका. कोर्टाला शब्द हवे असतात. कोणती शिवी, जातीचे नाव घेतले का, पुढे-मागे काय म्हटले, हे आरोपीच्या तोंडचे जसेच्या तसे, गावच्या बोलीत लिहायला सांगा. अंमलदार संकोचून ‘अश्लील शब्द’ असे मोघम लिहितो. सौजन्य बाजूला ठेवून खोडायला लावा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमेशचंद्र वैश्य प्रकरणात हीच उणीव बोट ठेवून दाखवली: काय बोलले याचा उल्लेख नाही, कोणासमोर बोलले तेही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. कलम ३(१)(आर) (अपमान किंवा धमकी) आणि ३(१)(एस) (जातीच्या नावाने शिवीगाळ) या दोन्हींना ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट आहे. जागा सार्वजनिक असलीच पाहिजे असे नाही. अंगणात झालेला प्रकार रस्त्यावरून दिसत-ऐकू येत असेल तर चालतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला चालत नाही. हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली गुन्हा याच मुद्द्यावर टिकला नाही. तेव्हा ‘शेतात’ एवढे लिहून थांबू नका. कोणत्या गटात, पाणंदीपासून किती अंतरावर, त्या वेळी कोण जात होते, कोणाच्या विहिरीवर माणसे होती, ते लिहा. साक्षीदार फक्त घरचे नकोत. हॉटेलवाला, दूध घालायला आलेला, पिठाच्या गिरणीवरचा, असा एक तरी बाहेरचा माणूस नावानिशी हवा.

तिसरे, आरोपीला तुमची जात कशी माहीत होती. ‘एकाच गावचे’ एवढ्यावर भागवू नका. शेताला शेत लागून आहे, मागच्या वर्षी त्याच्याकडे सालगडी होतो, गायरानाच्या वादात दोघेही तहसीलला हजर होतो, असे काही लिहा. वैयक्तिक ओळख दिसली की कलम ८ प्रमाणे जात माहीत होती असे कोर्ट धरून चालते, उलटे सिद्ध करणे मग आरोपीवर येते. साध्या मारहाणीलाही कलम ३(२)(व्हीए) याच ओळीमुळे लागते, कारण त्यात जात माहीत असणे ही अट आहे. गायरानावरून हुसकावले, पाणी तोडले, किराणा बंद केला असेल तर तेही त्याच फिर्यादीत यावे. त्यांना वेगळी उपकलमे आहेत.

आणि भावकीतली सगळी नावे घालू नका. तिथे नसलेला एक जण त्या वेळी लातूरला होता असे सिद्ध झाले की उरलेल्यांवरचा विश्वासही उडतो.

सही करण्याआधी फिर्याद पूर्ण वाचून दाखवायला लावा. ते पोलिसांचे कर्तव्य आहे. न केल्यास कलम ४ खाली त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. प्रत फुकट मिळते, घेऊनच उठा. गुन्हा घेतलाच नाही तर तीच फिर्याद रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. १४५६६ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते.

तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षक) खालच्या अधिकाऱ्याकडे गेला तर लगेच लेखी हरकत घ्या, नंतर आरोपीचा वकील तोच मुद्दा काढतो. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर मूळ फोन जपा. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत कमकुवत. साक्षीदार गावातच राहणारे, फितूर होण्याची भीती असतेच, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीची सीआरपीसी) कलम १८३ खाली त्यांचे जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावेत असा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. समोरून दरोड्याची क्रॉस केस (तुमच्यावर उलटी फिर्याद) आली तर घाबरून तडजोडीला बसू नका.

अर्थसाहाय्य समाजकल्याण कार्यालयातून मिळते. ३(१)(आर) आणि (एस) साठी एक लाख: पंचवीस टक्के एफआयआरनंतर, पन्नास दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेले शिक्षेनंतर. बँक पासबुक आणि दाखल्याची प्रत तयार ठेवा.

जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळणे आणि तिथे बोलणे हा कलम १५-ए चा हक्क आहे. सूचना न देता जामीन झाला असेल तर १४-ए खाली उच्च न्यायालयात (मराठवाड्यासाठी औरंगाबाद खंडपीठात) अपील करताना तोच पहिला मुद्दा घ्या. दोषारोपपत्राची मुदत साठ दिवस. पंचेचाळिसाव्या दिवशी डीवायएसपी कार्यालयात लेखी विचारणा करा आणि आवक क्रमांक घेऊन या.