कुऱ्हाडीचा दांडा: परग्रहीय आक्रमणाच्या कथेत धैर्य आणि हातमिळवणी कशी रंगवावी

परग्रहावरून आलेल्या आक्रमकांची कथा लिहायला बसलेला लेखक बहुधा यानांपासून सुरुवात करतो. आकाश काळवंडते, शहरे जळतात आणि तिसऱ्या प्रकरणात एक फितूर अवतरतो, ज्याच्या ओठांवर कुत्सित हसू असते आणि ज्याचा शेवट काय होणार हे वाचकाला तिथेच कळून चुकते. अशा कथेत धैर्य की हातमिळवणी हा प्रश्न नावापुरताच उरतो, कारण कोण कुठल्या बाजूला जाणार याचा निकाल लेखकाने आधीच लावून टाकलेला असतो. हा प्रश्न कथेत खराखुरा उभा करायचा असेल तर काय करावे, ते पुढे सांगितले आहे. उदाहरणे बहुतांशी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या युरोपातली घेतली आहेत, कारण परक्या सत्तेखाली साधी माणसे कशी वागली याच्या नोंदी तिथे विपुल आहेत.

सर्वांत आधी आक्रमकांना माणसांकडून नेमके काय हवे आहे, हे ठरवावे. त्यांना काहीच नको असेल, ते पृथ्वी नुसती पुसून टाकायला आले असतील, तर ती भूकंपाची कथा होते, आणि भूकंपाला कोणी फितूर होऊ शकत नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण इथे उपदेश म्हणून नव्हे, तर कथेचा सांगाडा म्हणून उपयोगी पडते. पाते कितीही धारदार असले तरी दांड्यावाचून ते चालत नाही, आणि दांडा त्याच रानातल्या लाकडाचा असतो. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस आणि परिसरात सुमारे १३,००० ज्यूंना पकडण्यात आले, तेव्हा दारे ठोठावणारे हात फ्रेंच पोलिसांचे होते आणि पत्ते पोलीस मुख्यालयातल्या कार्डांवर आधीपासून नोंदलेले होते. तेव्हा आपल्या आक्रमकांची ताकद लिहून झाली की त्यांच्या अडचणींचा एक कागद वेगळा करावा. त्यांना गल्ल्यांची नावे कळत नसतील, दारावरची पाटी वाचता येत नसेल, किंवा बुटका प्रौढ आणि उंच मूल यांतला फरकही ओळखता येत नसेल. यातल्या प्रत्येक अडचणीपाशी त्यांना एक माणूस लागेल, आणि आपली पात्रे तिथेच सापडतील.

आता हातमिळवणीचा पहिला प्रसंग. माझ्या मते निम्मी कथा इथेच बनते किंवा बिघडते. हा प्रसंग जितका क्षुल्लक तितका चांगला. समजा, नोंदणी कार्यालयात काम करणारी एक मध्यमवयीन कारकून आहे. आक्रमण होऊन दहा दिवस झाले आहेत. दुभाष्यामार्फत निरोप येतो की ज्या घरांत रोज औषध लागणारी माणसे आहेत त्यांची यादी हवी, म्हणजे औषधे घरपोच देता येतील. मागणी रास्त आहे. ती नवी वही काढते, पट्टीने चार रकाने आखते, घर क्रमांक लाल शाईने आणि नावे निळ्या शाईने लिहिते, एका नावाची वेलांटी चुकली म्हणून ती ओळ खोडून पुन्हा लिहिते. औषधे खरोखरच येतात. महिन्याभराने याच यादीत वय घालून मागतात. त्यानंतर आणखी काही आठवड्यांनी, मंगळवारी कोणाला न्यायचे त्यांच्या नावांपुढे खूण करायला सांगतात. तिसऱ्या वेळी नाही म्हणायचे तर पहिल्या दोन वेळी आपण काय करत होतो हे तिला स्वतःपाशी कबूल करावे लागते, आणि धमकीपेक्षा या कबुलीचीच तिला जास्त भीती वाटते. हे वाचकाला समजावून सांगू नये. तिसऱ्या यादीच्या वेळीही ती पट्टी तितक्याच काळजीने धरते, एवढे दाखवले तरी पुरते.

या कारकुनीला इतिहासात आधार आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये नेदरलँड्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आपण ‘आर्य’, म्हणजे ज्यू नसलेले, आहोत की नाही हे सांगणारा एक अर्ज भरायचा होता, आणि जवळपास सर्वांनी तो निमूटपणे भरला. तिथल्या लोकसंख्या नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स याने अशी ओळखपत्रे तयार केली की त्यांची बनावट प्रत काढणे भूमिगत कार्यकर्त्यांना अतिशय जड गेले. त्याची मुख्य ओळख नाझी अशी नव्हती. तो आपल्या कामात निष्णात असलेला आणि त्या कौशल्याची अखेर कदर करणारा कोणी भेटलेला अधिकारी होता. असे पात्र कुत्सित हसणाऱ्या फितुरापेक्षा कितीतरी भयंकर असते, आणि लिहायलाही अधिक अवघड, कारण लेखकालाही नीटनेटके काम आवडतेच.

प्रत्येक सामील झालेल्या पात्राला एक कारण द्यावे, आणि ते कारण इतके सबळ असावे की लिहिताना आपल्यालाच ते थोडे पटावे. ‘मी नाही केले तर माझ्याहून वाईट माणूस करेल’ हे सर्वांत वापरले गेलेले कारण. ‘थोडे देऊन बाकीचे वाचवू’ हे सर्वांत भीषण. पोलंडमधल्या वूज शहरात जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीचा (घेट्टोचा) ज्यू प्रमुख खाइम रुमकोव्स्की याने ४ सप्टेंबर १९४२ रोजी जमलेल्या आईबापांकडे जर्मनांच्या हवाली करायला दहा वर्षांखालील मुले मागितली. उरलेले कामकरी वाचावेत हा त्याचा हिशेब होता. ती वस्ती ऑगस्ट १९४४ पर्यंत, म्हणजे इतरांपेक्षा जास्त काळ टिकली, आणि मग तीही रिकामी करून त्याला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले. तिथेच तो मेला. वॉर्साच्या वस्तीचा प्रमुख अॅडम चेर्नियाकोव्ह याने त्याच वर्षी, तिथून माणसे मृत्युछावणीत पाठवण्यास सुरुवात झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला विष घेतले, आणि तरीही गाड्या जात राहिल्या. या दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरवण्याचा मोह लेखकाने आवरावा. दोघांपुढे ठेवलेले पर्याय ज्यांनी मांडले ते तिसरेच होते, आणि कथेत त्या तिसऱ्यांवरचा उजेड कमी होऊ देऊ नये.

जुने वैर हे कारण मात्र परग्रहीय कथांत क्वचितच दिसते. ‘संकट येताच सगळी मानवजात एक झाली’ ही कल्पना लेखकांना फार सोयीची वाटते. समुद्रापलीकडून आलेले, अनोळखी प्राण्यांवर स्वार झालेले लोक १५१९ मध्ये मेक्सिकोत उतरले, तेव्हा त्लाक्सकालाचे लोक आधी त्यांच्याशी लढले आणि नंतर त्यांना मिळाले, कारण अॅझ्टेकांचा जाच त्यांनी अनेक दशके सोसला होता. १५२१ मध्ये अॅझ्टेक राजधानीला पडलेल्या वेढ्यात स्पॅनिश सैनिक शेकड्यांत होते आणि त्यांचे स्थानिक मित्र हजारोंच्या संख्येत. त्लाक्सकालाच्या नजरेतून पाहिले तर तिथे फितुरी नव्हतीच. जुन्या शत्रूविरुद्ध नवा दोस्त मिळाला होता. आपल्या कथेतल्या पृथ्वीवर कोणाला यानांची भीती वाटण्याआधी शेजाऱ्याचा राग आठवेल, हे शोधून ठेवावे.

धमकी लिहिताना तिची किंमत कोण मोजणार हे स्पष्ट असावे. नायकाने नकार दिला आणि नायकालाच गोळी लागली, तर प्रसंग करुण होतो, पण गुंता होत नाही. चेक प्रदेशावरचा नाझी शासक हायड्रिश याच्या हत्येनंतर १० जून १९४२ रोजी तिथल्या लिडित्से गावातल्या पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्या गावाचा कटाशी काही संबंध नव्हता. असा बदला शक्य असेल तिथे प्रत्येक शौर्य काही अंशी दुसऱ्याच्या जिवावर केलेले असते, आणि धाडसी पात्राला हे ठाऊक असायला हवे. त्याच्या शेजाऱ्याने ‘तुझ्या तत्त्वासाठी माझी मुलगी का?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाला कथेत तडफदार उत्तर नसावे.

धैर्याचे प्रसंग लिहिताना दोन गोष्टी हाताशी ठेवाव्यात. एक म्हणजे सोबत. येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम याने १९६१ पासून केलेल्या प्रयोगांत, शेजारच्या खोलीतल्या माणसाला विजेचे धक्के देत आहोत अशी समजूत असलेल्या ४० जणांपैकी २६ जण हुकमानुसार ४५० व्होल्टपर्यंत गेले. पण बरोबरच्या दोन साथीदारांनी काम सोडले तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी अवघे ४ उरले. नॉर्वेत १९४२ साली क्विसलिंगच्या जर्मनधार्जिण्या राजवटीने शिक्षकांवर सक्तीची संघटना लादली, तेव्हा सुमारे १४,००० शिक्षकांपैकी बहुसंख्यांनी नकाराची पत्रे पाठवली. मजकूर सर्वांचा एकच होता, खाली सही मात्र ज्याची त्याची. सुमारे १,१०० जणांना अटक झाली, त्यांतल्या शेकडो जणांना उत्तर टोकाला किर्केनेसला सक्तमजुरीसाठी पाठवले गेले, आणि अखेर माघार सरकारनेच घेतली. हुतात्म्याच्या एकट्या आकृतीपेक्षा, तोच मजकूर स्वतःच्या हाताने उतरवून काढणारा आणि सही करण्याआधी पेन खाली ठेवून खिडकीपर्यंत जाऊन येणारा शिक्षक लिहिणे अधिक फलदायी ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे सांगितलेले काम मुद्दाम वाईट करण्याची कला, आणि मला ती फार प्रिय आहे. २७ मार्च १९४३ च्या रात्री अॅमस्टरडॅममधल्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयात पोलिसांच्या वेशात एक गट शिरला. त्यांनी पहारेकऱ्यांना ठार न मारता गुंगीचे इंजेक्शन दिले, कप्प्यांतली कार्डे जमिनीवर ओतली आणि सुरुंग लावून आग पेटवली. त्यांच्यातल्या बारा जणांना १ जुलैला गोळ्या घालण्यात आल्या. पण लेखकाने अग्निशमन दलाच्या जवानांकडेही पाहावे. ते सावकाश आले, आणि आले तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओतून वाचलेली कार्डेही त्यांनी भिजवून टाकली. कोणीही कोणताही हुकूम मोडला नव्हता. आपल्या कथेतल्या कारकुनीलाही असे पाणी उपलब्ध आहे: घर क्रमांकात अदलाबदल, एका नावाची दोन रूपे, वेळेवर न सापडणारी वही.

आणि माणसांना एकाच रंगात रंगवू नये. डेन्मार्कचे सरकार २९ ऑगस्ट १९४३ पर्यंत जर्मनांशी वाटाघाटी करत सत्तेवर होते. त्याच देशातल्या लोकांनी ऑक्टोबरमध्ये ७,००० हून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोहोचवले, आणि त्यातल्या काही मच्छीमारांनी त्यासाठी भरपूर पैसेही घेतले. पैसे मोजून घेणारा आणि तरीही रात्री होडी सोडणारा माणूस कथेत जरूर असावा.

इथवरचे सारे मानवी आक्रमकांनाही लागू पडते. परग्रहीय आक्रमक हवेतच कशाला, याचे उत्तर कथेत मिळाले नाही तर वाचक त्यांना मुखवटा घातलेले जर्मन समजेल. उपाय असा की त्यांचे परकेपण थेट धैर्याच्या व्यवहारात शिरू द्यावे. नकार आणि नादुरुस्ती यांतला फरक ज्यांना समजत नाही, अशांच्या राज्यात हुतात्मा होताच येत नाही. तुम्ही ठामपणे नाही म्हणता, आणि ते तुम्हाला बिघडलेले अवजार समजून बाजूला ठेवतात. याउलट त्यांना मनातले वाचता येत असेल, तर अग्निशमन दलाची युक्ती मोडीत निघते आणि फक्त शिक्षकांचा उघड मार्ग उरतो. दुभाषी तर अशा कथेचा कणाच. मालकाची क्रूर आज्ञा सौम्य शब्दांत सांगून लोकांना शांत ठेवणारा दुभाषी त्यांना वाचवतो आहे की गाफील ठेवतो आहे, हे त्यालाही सांगता येऊ नये.

लिहिताना एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे: पात्रांना शेवट माहीत नसतो. पराभूत फ्रान्सचा सत्ताप्रमुख मार्शल पेतँ याने ३० ऑक्टोबर १९४० रोजी रेडिओवरून जर्मनीशी सहकार्याचा मार्ग जाहीर केला, तेव्हा जर्मनी हरणार असे मानणारे फ्रान्समध्ये थोडेच होते. मी कच्च्या आराखड्यात प्रत्येक पात्रापुढे तारीख घालून ठेवतो की त्याला कोणती गोष्ट कधी कळली, आणि त्याआधीच्या कोणत्याही वाक्यात ती गोष्ट झिरपू देत नाही.

मुक्तीनंतरचा काळ थोडक्यात लिहिला तरी चालेल, पण टाळू नये. फ्रान्समध्ये जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून जमावाने बायकांची डोकी रस्त्यात भादरली, आणि बोर्डो भागातल्या ज्यूंना छावण्यांकडे पाठवण्यात सामील असलेला मोरिस पापाँ हा अधिकारी पुढे मंत्री झाला. त्याला शिक्षा व्हायला १९९८ साल उजाडले. म्हणून यानांची धूळ खाली बसल्यावर पुन्हा त्या नोंदणी कार्यालयात जावे. नव्या सरकारलाही यादी हवी आहे, आक्रमकांना सामील झालेल्यांची. आधीच्या वह्या कुठल्या कपाटात आहेत हे एकाच व्यक्तीला माहीत आहे, आणि ती खुर्ची पुढे ओढून, नवी वही उघडून, पट्टीने पहिला रकाना आखते आहे.